चंडोल कोण दाखवणार?

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या नदीकाठांवर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. संशोधकांनी आधी प्रत्येक ठिकाणच्या पक्ष्यांची, फुलपाखरांची आणि वनस्पतींची रीतसर मोजदाद केली. मग तिथे फिरायला आलेल्या हजाराहून अधिक लोकांना दोन गोष्टी विचारल्या : इथे किती प्रकारचे जीव असावेत असे तुम्हाला वाटते, आणि इथे आल्यावर मनाला कसे वाटते? प्रत्यक्ष मोजलेली विविधता आणि लोकांचे समाधान यांचा मेळ नीट बसेना. पक्ष्यांच्या बाबतीत तो बसला, फुलपाखरांच्या बाबतीत काहीच संबंध दिसला नाही, वनस्पतींच्या बाबतीत तर गणित उलटे निघाले. लोकांचे अंदाजही फारसे बरोबर नव्हते. मात्र ‘इथे पुष्कळ प्रकारचे जीव आहेत’ असे ज्यांना वाटत होते, त्यांचे समाधान अधिक होते, आणि हे तिन्ही गटांच्या बाबतीत खरे ठरले. यावरून कोणी म्हणेल, की निसर्ग प्रत्यक्षात कितीही उजाड असला तरी चालेल, तो भरलेला वाटला म्हणजे झाले. मला त्या पाहणीत वेगळे काही दिसते. डोळ्यांसमोरचा जीव लक्षातच आला नाही, तर त्या माणसापुरता तो नसल्यातच जमा असतो. आणि तो लक्षात यायला बहुतेकांना दाखवणारे कोणी तरी लागते.

आजाराने, वयाने, अपंगत्वाने किंवा गरिबीने ज्यांचे जग चार भिंतींत आक्रसले आहे, त्यांच्या बाबतीत हे जास्तच खरे आहे. त्यांना ‘निसर्गात’ नेऊन सोडले की काम झाले, असा समज धोरणे आखणाऱ्यांमध्येही आढळतो. हिरवळ हे औषध, आणि माणसाला त्याचा ठरावीक डोस पाजायचा, असा तो हिशेब. तो अगदी निराधार नाही. रॉजर उलरिख यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये छापलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. पण खिडकीतून झाडाकडे पाहणे वेगळे आणि त्या झाडावर कोण राहते हे कळणे वेगळे. या प्रकरणात मी दुसऱ्या गोष्टीची बाजू मांडणार आहे. माझे म्हणणे असे, की शेतावरच्या रानजीवांपासून या माणसांना जे मिळू शकते, ते दोघांनी मिळून एका जीवाकडे पाहण्यात आहे, आणि म्हणून शेतकऱ्याची जागा त्यात मध्यभागी आहे.

शेतच का? वन्यजीव म्हटले की अभयारण्य आठवते. पण ब्रिटनच्या जमिनीपैकी सुमारे सत्तर टक्के जमीन शेतीखाली आहे. चंडोल, शेंडीवाली टिटवी, राखी तितर, रानससा, गव्हाणी घुबड हे तिथले शेतातच राहणारे जीव. गोठ्याच्या तुळईला चिखलाचे घरटे बांधणारी भिंगरी दर एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेतून परत येते. हीच जात हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर रांगेने बसलेली दिसते. शिवाय शेतावर बहुधा चाकाच्या खुर्चीला चालेल असा पक्का रस्ता असतो, पाऊस आला तर शिरायला छप्पर असते, हात धुवायला पाणी आणि जवळ शौचालय असते. डिमेन्शिया झालेल्या आजोबांना किंवा स्वमग्न मुलीला घेऊन बाहेर पडणाऱ्यांना या गोष्टींची किंमत ठाऊक आहे. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिथे असा एक माणूस असतो, ज्याला रानससा कुठल्या खाचेत दबून बसतो हे रोजच्या वावरातून माहीत झालेले असते.

मनाने खचलेल्यांना शेताचा आधार देण्याची कल्पना जुनी आहे. बेल्जियममधल्या गेल या गावात मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेण्याची रीत मध्ययुगापासून चालत आली आहे. त्यातली कितीतरी घरे शेतकऱ्यांची होती, आणि हे पाहुणे त्यांच्याबरोबर शेतात राबत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस असे सुमारे पावणेचार हजार लोक त्या गावात राहत होते. इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ साली यॉर्कला ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णालय उघडले. साखळदंडांच्या त्या काळात तिथल्या अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी आणि ससाणे ठेवलेले होते, असे त्याचा नातू सॅम्युअल याने १८१३ सालच्या पुस्तकात नोंदवले आहे. नेदरलँड्समध्ये १९९८ साली केअर फार्म, म्हणजे रुग्णांना आधार देणारी शेते, शंभराच्याही आत होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते हजाराच्या पुढे गेले, कारण तिथल्या आरोग्यविम्याचा पैसा रुग्णाच्या निवडीने थेट शेतापर्यंत पोचू लागला. ब्रिटनमध्ये मायकेल आणि क्लेअर मॉर्पर्गो या दांपत्याने १९७६ साली डेव्हनमध्ये शहरातल्या मुलांसाठी आपले पहिले शेत सुरू केले. तिथे मुले आठवडाभर राहतात आणि शेतकऱ्याबरोबर खरी कामे करतात.

या सगळ्या परंपरेत भर आहे तो श्रमावर आणि पाळीव जनावरांवर, आणि तो योग्यच आहे. नॉर्वेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९० मनोरुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती. त्यांतल्या काहींनी बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास गाईगुरांमध्ये काम केले. आपल्याला काही जमेल हा त्यांचा विश्वास वाढला. पण ही वाढ प्रयोग संपला त्या दिवशी दिसली नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा दिसली. मायकेल मॉर्पर्गो सांगतात, की वर्गात तोंड न उघडणारा एक तोतरा मुलगा रात्री तबेल्यात घोड्याशी न अडखळता, न थांबता बोलताना त्यांनी पाहिला, आणि त्यातूनच ‘वॉर हॉर्स’ ही कादंबरी लिहिण्याचा धीर त्यांना आला. गाय, घोडा, मेंढी यांच्याशी नाते जुळते ते देण्याघेण्याचे. चारा घातला की ते जवळ येतात. ज्याची सतत इतरांना काळजी घ्यावी लागते, त्याला इथे कोणाची तरी काळजी घेता येते.

रानातल्या जीवाचे तसे नसते. त्याला आपल्याकडून काही नको असते, आणि नेमके त्यातच या माणसांना मिळण्यासारखे काही आहे. आजारी माणसाभोवतीचे सगळे जग त्याच्या आजाराभोवती फिरू लागते. डॉक्टर, नर्स, मुलगा, सून, जो येतो तो त्याच्याकडेच बघतो, त्याचे खाणे, झोप, औषध विचारतो. घिरट्या घालणाऱ्या घुबडाकडे पाहताना सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरून हटतात आणि त्याच्यासह एकाच दिशेला वळतात. त्या काही क्षणांत तिथे रुग्ण आणि सांभाळणारा असे दोन पक्ष राहत नाहीत. घुबड येईल की नाही हे शेतकऱ्यालाही ठाऊक नसते, म्हणून त्याचीही वाट पाहण्यात बरोबरी असते. मला या बरोबरीचे मोल फार मोठे वाटते. पाळीव जनावर माणसाला उपयोगी असण्याची जाणीव देते, आणि रानजीव त्याला काही काळ स्वतःच्या दुखण्यातून मोकळे करतो.

दाखवणे म्हणजे मात्र नुसते बोट करणे नव्हे. चांगल्या शेतावर ते कसे होते ते पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी दिव्याचा पतंग-सापळा लावतात : खाली खोके, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, वर दिवा. रात्रभर आलेले पतंग सकाळी त्या खळग्यांत निपचित बसलेले असतात. एकेक ट्रे उचलून मांडीवर ठेवता येतो, म्हणजे खुर्चीतून उठू न शकणाऱ्यालाही कोणाच्या खांद्यावरून वाकून पाहावे लागत नाही. त्यात गुलाबी आणि शेवाळी रंगाचा एलिफंट हॉक-मॉथ निघाला, तर हा कीटक याच देशाचा आहे यावर लोकांचा विश्वास बसत नाही. हॉक-मॉथला उडण्याआधी अंगाचे स्नायू तापवावे लागतात, म्हणून तो बोटावर बसून पंख थरथरवत राहतो. दृष्टिहीन माणसाला ती थरथर बोटाला कळते आणि मग एकदम भार हलका होतो, तेव्हा तो उडाला हेही कळते. वटवाघळांचेही असेच. सामान्य पिपिस्ट्रेल ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढते, तो आपल्या कानांच्या पलीकडचा. पण मुठीत मावणारे डिटेक्टर तो टपटप अशा ऐकू येणाऱ्या आवाजात उतरवते आणि भक्ष्य जवळ आले की ती टपटप दाट होत जाते. अंधारात तिथे डोळस आणि दृष्टिहीन दोघेही कानांनीच पाहतात. चंडोल तर मुळातच ऐकण्याचा पक्षी. नर गहू-बार्लीच्या शेतातून सरळ वर चढतो, ठिपका होतो आणि दोन-तीन मिनिटे न थांबता गात राहतो. वर मान करणे ज्यांना शक्य नाही, त्यांचेही यात काही हुकत नाही.

घुबडाच्या पेलेटइतके सोपे आणि खोल साधन दुसरे नाही, असे मला वाटते. गव्हाणी घुबड उंदीर अख्खाच गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची काळी, वाळल्यावर बिनवासाची गोळी ओकून टाकते. कोठारात तुळईखाली या गोळ्या पडलेल्या असतात. निर्जंतुक करून, कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने उकलल्या, की तीन-चार प्राण्यांच्या कवट्या, जबडे, फासळ्या वेगळ्या होतात. कुरणातला आखूड शेपटीचा व्होल, रानउंदीर, चिचुंद्री. ब्रिटनमधल्या रानचिचुंद्रीच्या दातांची टोके लोहामुळे तांबडी असतात, हे भिंगातून चटकन दिसते. हाडे तक्त्यावर जुळवायची आणि रात्री घुबडाने काय खाल्ले ते शोधायचे. अक्षरे वाचता न येणारा माणूसही हे वाचू शकतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला आयुष्यभर ज्या परीक्षांत मागे पडावे लागले, त्यांपेक्षा ही वेगळी. इथे सावकाशपणा हा गुण आहे. आपल्याकडे गव्हाणी घुबडाला अपशकुनी मानून हुसकावतात, पोरे दगड मारतात. त्याला उत्तर म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८पासून घुबडांचा उत्सव भरवला आहे. तिथले मर्म हेच आहे, की जवळून नीट दाखवले, तर पिढ्यान्पिढ्यांची भीतीही कुतूहलाला जागा देते.

सोबत पाहण्यावर मी एवढा भर का देतो, त्याला मानसशास्त्राचा आधार आहे. मूल पहिल्या वर्षाच्या अखेरीस स्वतः बोट दाखवू लागते आणि दुसऱ्याच्या बोटामागे पाहू लागते. मायकेल टोमासेलो यांच्यासारख्या संशोधकांनी या संयुक्त लक्ष देण्यात भाषेची आणि माणसामाणसांतल्या समजुतीची मुळे शोधली आहेत. स्वमग्न मुलांमध्ये ही क्षमता बहुधा वेगळ्या वाटेने वाढते; म्हणून त्यांच्यातल्या अनेकांना समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी बसून एखाद्या तिसऱ्या गोष्टीकडे पाहणे सोपे जाते. कितीतरी मुलांना कीटकांची बारकाईने ओळख असते. तिथे दाखवणारे ते होतात आणि पाहणारा शेतकरी. मला वाटते, अशा भेटी यशस्वी झाल्याची खूण हीच मानावी : पाहुण्याने कोणाला तरी काही दाखवले का?

यावर पहिला आक्षेप घरच्यांकडूनच येतो. आईला दुपारी जेवलेले संध्याकाळी आठवत नाही, तिला चंडोल दाखवून काय उपयोग? याला आयोवा विद्यापीठातल्या २०१४च्या अभ्यासाने उत्तर दिले आहे. अल्झायमर्सच्या १७ रुग्णांना दुःखाची आणि आनंदाची दृश्ये दाखवली. थोड्याच वेळात त्यांपैकी बहुतेकांना काय पाहिले ते आठवेना. पण ती भावना त्यांच्यात पुढच्या अर्ध्या तासापर्यंत टिकून होती, आणि दुःख तर ज्यांना सर्वांत कमी आठवत होते त्यांच्यात अधिक रेंगाळले. म्हणजे स्मरण गेले तरी अनुभव वाया जात नाही. चांगली दुपार आठवणीतून निसटली, तरी ती चांगली दुपारच असते. निरोगी माणसाच्या आनंदाकडून आपण आठवणीची पावती मागत नाही. आजाऱ्याच्या आनंदाकडून ती मागणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो गंभीर आहे. लीड्स विद्यापीठातल्या गटाने केअर फार्मवरच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष संयत होता : जीवनमान सुधारते असा आकडेवारीचा पुरावा मिळत नाही, नैराश्य आणि चिंता कमी होत असल्याच्या काही खुणा आहेत. अभ्यास लहान आहेत, तुलनेसाठी दुसरा गट बऱ्याचदा नसतो, शेतावर जायला राजी होणारी माणसे मुळातच वेगळी असू शकतात. हे सगळे मान्य. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांवरच्या डच अभ्यासात शेतावरच्या दिवसकेंद्रात येणारे लोक नेहमीच्या केंद्रातल्यांपेक्षा जास्त हालचाल करत आणि जास्त खातपीत. पण क्षमता खालावण्याचा वेग मात्र दोन्हीकडे सारखाच निघाला. त्यामुळे शेत आजार बरे करते असा दावा कोणी करू नये. मात्र पुराव्याची मोजपट्टी कशाला लावायची हेही पाहिले पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजने बाराशेहून अधिक लोकांच्या फोनवर दिवसातून अनेकदा प्रश्न पाठवले होते. पक्षी दिसल्याच्या किंवा ऐकल्याच्या वेळी आणि त्यानंतर काही तास लोकांना बरे वाटत होते. नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येही तसेच दिसले, आणि झाडे व पाणी यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही ते टिकले. हा परिणाम छोटा आणि तासांत मोजण्याएवढा आहे. पण औषधाने न मिटणाऱ्या दुखण्यात काही तासांचा आराम क्षुल्लक मानायचा का, हा प्रश्न आकडेवारीने सुटणारा नाही.

धोक्याचे म्हणाल तर तो खरा आहे. २००९ साली इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या एका शेतावर जनावरे हाताळायला गेलेल्या ९३ जणांना ई. कोलायची लागण झाली. त्यात बहुतेक लहान मुले होती. साबणाने हात धुणे, जेवण्याची जागा गोठ्यापासून दूर ठेवणे यांत ढिलाई चालत नाही. रानजीव दुरूनच पाहायचे असल्यामुळे तिथे हा धोका कमी असतो, पण जिवांना माणसांचा त्रास होण्याचा धोका वाढतो. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. दहा माणसांचा गट बाजूने गेला की ती उठते आणि कावळ्याला अंडी सापडतात. गव्हाणी घुबडाला घरट्याजवळ त्रास देणे ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून विणीच्या दिवसांत गटाने आडोशाला एका जागी बसावे, हिंडू नये. ज्यांना हिंडता येत नाही, त्यांच्यासाठी हा नियम मुळातच सोयीचा आहे.

यापेक्षा मोठी अडचण अशी, की दाखवायला काही उरले पाहिजे. ब्रिटनमधल्या शेतपक्ष्यांची संख्या १९७०पासून निम्म्याहून अधिक घटली. चंडोलाचे कारण नीट उलगडलेले आहे. गहू पूर्वी वसंतात पेरत, आता शरदात पेरतात. मेपर्यंत पीक इतके उंच आणि दाट होते, की चंडोलाला दुसऱ्या विणीसाठी त्यात उतरताच येत नाही. आरएसपीबी या पक्षिसंस्थेने केंब्रिजशायरमध्ये २०००च्या सुमारास १८१ हेक्टरचे होप फार्म विकत घेऊन साधा उपाय करून पाहिला : पेरणीच्या वेळी पेरणीयंत्र क्षणभर उचलून हेक्टरी दोन छोटे चौकोन रिकामे सोडायचे. चंडोल त्या मोकळ्या जागांतून शेतात उतरू लागले आणि त्यांची संख्या काही वर्षांत तिपटीवर गेली. शेती नफ्याची राहिली. जो शेतकरी पाहुणे आणतो, त्याला हे करण्याचे एक जास्तीचे कारण मिळते. इंग्लंडमध्ये सरकारी योजनेतून शाळकरी मुलांच्या आणि केअर फार्मच्या पाहुण्यांच्या प्रत्येक भेटीमागे त्याला पैसेही मिळतात. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते, कारण माहिती असलेल्या माणसाचा वेळ हाच यातला खरा खर्च आहे आणि तो फुकट मागू नये. महाराष्ट्राने २०२०मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हा शाळांच्या सहलींचा विचार झाला. वृद्धाश्रम, मतिमंद मुलांच्या शाळा, दिवसकेंद्रे यांच्यासाठीही शेते उघडता येतील, आणि आपल्या बांधांवर दाखवण्यासारखे अजून पुष्कळ आहे.

ब्रिटनमध्ये हिवाळा हा या कामातला अवघड काळ. चंडोल क्वचितच गातो, पतंग फारसे नसतात, थंडीने पाहुणे लवकर कंटाळतात. पण २०१४पासून गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट दर फेब्रुवारीत शेतपक्ष्यांची गणना भरवतो. शेतकऱ्याने एका जागी अर्धा तास थांबून समोरच्या शेतात दिसेल तो पक्षी मोजायचा आणि आकडा कळवायचा. कडाक्यात पिवळे भारीट, फिंच, चिमण्या दाण्यांसाठी थव्याने एकत्र येतात, त्यामुळे मोजायला भरपूर असते. एक जण दुर्बीण धरतो, एक जण नाव सांगतो, आणि लिहिता न येणारा पाचापाचांच्या रेघा ओढतो. त्या रेघांची बेरीज मग देशभरातल्या इतर शेतांच्या आकड्यांबरोबर एकाच तक्त्यात जाते, आणि ती कोणी मोजली याने तिचे वजन कमी-जास्त होत नाही.